क्यूची पेटी आणि तिच्या आतले काम : वाचकांचे प्रश्न

मागील अंकात चामड्याच्या वस्तूंच्या निगेविषयी लिहिताना पूल हा टेबलावरचा चेंडूंचा खेळ खेळणाऱ्यांच्या क्यूसाठी, म्हणजे चेंडूला फटका मारायच्या काठीसाठी, हाताने शिवल्या जाणाऱ्या चामडी पेट्यांचा ओझरता उल्लेख केला होता. त्यावर मराठवाड्यातून बरीच पत्रे आली. त्यांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे येथे देत आहे.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहे. नुकतीच मेपल लाकडाची, दोन तुकड्यांची क्यू घेतली. तिच्यासोबत रेक्झिनची पातळ खोळ मिळाली. चामड्याची पेटी म्हणजे निव्वळ हौस, असे मित्र म्हणतात. हौसेपलीकडे तिचा काही उपयोग आहे का?
– एक वाचक, लातूर

उत्तर : आपल्या मित्रांचे म्हणणे निम्मे खरे आहे. क्यूला वाकण्यापासून वाचवते ती पेटीच्या आतली नळी, जिच्यात क्यूचा तुकडा सरकवून ठेवतात. चामड्याचे काम त्यानंतर सुरू होते. म्हणून नुसते वरून चामडे आणि आत काहीच नाही, अशी पेटी रेक्झिनच्या खोळीपेक्षा फारशी सरस ठरत नाही, एवढे आधी लक्षात घ्यावे.

आपल्या खोळीत बट (क्यूचा मागचा, जाड तुकडा) आणि शाफ्ट (पुढचा, निमुळता तुकडा) यांच्यामध्ये बहुधा एखादा कापडी पडदा असेल किंवा तोही नसेल. बटाच्या तोंडाशी जोडाचा धातूचा खिळा असतो आणि मोटारसायकलवरच्या प्रत्येक हिसक्याला तो शेजारच्या शाफ्टवर आपटतो. शाफ्टला अशी एक बारीकशी खोच पडली, तरी फटका मारताना ती बोटांखालून दर वेळी जाणवते आणि खेळणाऱ्याचे लक्ष तेथेच अडकते. प्रत्येक तुकड्याला स्वतंत्र नळी मिळाली की ही घासाघीस थांबते. नळ्यांवर तीन-साडेतीन मिलिमीटर जाडीचे चामडे आले की बाहेरचा आघात त्यात जिरतो. आणि दहा वर्षांनी शिवण उसवलीच, तर चौकातला चर्मकारही ती पुन्हा घालून देऊ शकतो. रेक्झिन हे कापडावर चढवलेले प्लॅस्टिकच असल्याने आपल्याकडच्या उन्हात त्याला भेगा पडतात, पापुद्रे सुटतात, आणि मग त्याची दुरुस्ती संभवत नाही.

माझे मत विचाराल तर, आपण रोज एकाच पूल पार्लरमध्ये खेळत असाल आणि क्यू तेथल्याच कपाटात राहत असेल, तर चामडी पेटीवर पैसे घालू नयेत. एसटीने किंवा दुचाकीने स्पर्धांना जात असाल, तर मात्र जरूर घ्यावी. पेट्यांचे प्रकार आकड्यांनी ओळखले जातात. त्यांतला पहिला आकडा बटांचा आणि दुसरा शाफ्टांचा. आपल्याला एक बट आणि दोन शाफ्ट मावणारी पेटी पुष्कळ झाली. दोन-चार किंवा तीन-सहाची पेटी खांद्याला लावून हिंडण्यात शोभा आहे, पण दोन-चारच्या भरलेल्या पेटीचे वजन सहज तीन किलोंवर जाते.

प्रश्न : आमच्या घरात पूर्वी बैलांचे घुंगरपट्टे, घोड्यांचे लगाम आणि खोगिराचे तंग शिवले जात, माळेगावच्या यात्रेत ते विकायचे. मी आता कमरपट्टे आणि लॅपटॉपच्या बॅगा शिवतो. एका गिऱ्हाइकाने दोन बट आणि चार शाफ्ट मावतील अशी पेटी मागितली आहे. मापे कशी घ्यावीत, चामडे कोणते वापरावे?
– एक कारागीर, परभणी

उत्तर : ज्या हातांनी घोड्याचा तंग शिवला आहे, त्यांना या पेटीतली शिवण अवघड जाणार नाही. सांभाळायचे आहे ते मोजमाप आणि कामाचा क्रम.

पूलची क्यू जोडल्यावर साधारण 58 इंच भरते, म्हणजे प्रत्येक तुकडा 29 इंचांच्या आसपास असतो. तरीही या आकड्यावर विसंबून चामडे कापू नये. गिऱ्हाइकाला त्याच्या क्यू घेऊन बोलवावे, जोडावरची टोपणे लावायला सांगावे आणि सर्वांत लांब तुकडा मोजावा. काही खेळाडू नेहमीपेक्षा लांब शाफ्ट वापरतात किंवा बटाला मागून जोडतुकडा लावतात. जाडीही मोजावी. बट सर्वांत जाड भागात 32 मिलिमीटरपर्यंत जातो. शाफ्ट जोडापाशी 21-22 मिलिमीटर आणि टोकाशी 12 ते 13 मिलिमीटर असतो.

नळ्यांसाठी नळजोडणीच्या कोणत्याही दुकानात मिळणारे पीव्हीसीचे पाईप चालतात. बटासाठी 40 मिलिमीटर आणि शाफ्टसाठी 32 मिलिमीटर बाहेरच्या व्यासाचा, पातळ भिंतीचा पाईप घ्यावा, म्हणजे आत अस्तर लावूनही तुकडा न अडकता सरकतो. पाईपची लांबी सर्वांत लांब तुकड्यापेक्षा सुमारे एक इंच कमी ठेवावी. तेवढे टोक वर राहिले की चिमटीत धरून तुकडा बाहेर काढता येतो आणि ते टोक झाकणाच्या पोकळीत सामावते. पाईपच्या कडा कानशीने गोल करून घ्याव्यात. अस्तराचे कापड लांब पिशवीसारखे शिवून नळीतून ओढावे आणि तोंडाशी बाहेर दुमडून चिकटवावे. तळाशी जाड नमद्याची (दाबलेल्या लोकरीची) चकती बसवावी. चिकटवायच्या सोल्यूशनचा वास पूर्ण जाईपर्यंत नळ्या उघड्या हवेत ठेवाव्यात, कारण त्याची वाफ कोंडली तर क्यूवरच्या पॉलिशला बाधते.

दोन्ही बटांच्या नळ्या मध्ये आणि शाफ्टांच्या दोन-दोन नळ्या दोन्ही अंगांना, अशी जुडी बांधावी. तिच्याभोवती कागदाची पट्टी गुंडाळून घेर घ्यावा. येथे एक मेख आहे. जाड चामडे वळताना त्याची जाडीही घेरात धरावी लागते. साडेतीन मिलिमीटरचे चामडे असेल, तर कागदाच्या घेरापेक्षा सव्वा सेंटिमीटर तरी जास्त कापावे. शिवणीसाठी एका कडेवर दुसरी कड चढवणार असाल, तर तो दाब वेगळा धरावा. हे राहिले की दोन्ही कडा शेवटी भेटत नाहीत आणि अख्खा तुकडा वाया जातो. चामडे जनावराच्या पाठीकडचे घ्यावे. पोटाकडचे ताणले जाते आणि वर्षभरात पेटीला फुगवटा येतो.

आता चामड्याची जात. बाभळीची किंवा तरवडाची साल, हिरडा अशा झाडपाल्याच्या द्रव्यांनी कमावलेलेच चामडे येथे उपयोगाचे आहे, कारण ते ओले करून ज्या आकारात वाळवाल तो आकार धरून ठेवते. क्रोमने कमावलेले चामडे मऊ आणि पाण्याला सोशिक असते, म्हणून चपला-बुटांच्या वरच्या भागाला ते उत्तम. मात्र आकार धरणे त्याच्या स्वभावात नाही. दुकानदाराने काहीही सांगितले, तरी बोटभर तुकडा कापून उकळत्या पाण्यात टाकून पाहावा. सालीने कमावलेले चामडे आखडून कडक होते, क्रोमचे बहुतेक जसेच्या तसे राहते. न रंगवलेल्या क्रोमच्या चामड्याची कापलेली कड निळसर-राखाडी दिसते, हीदेखील एक खूण आहे. म्हशीचे चामडे जाड आणि दणकट मिळते. त्याचा दाणा (वरचा पोत) भरड असल्याने त्यावर नाजूक नक्षी उठत नाही, पण साध्या पेटीला मी तेच सुचवेन.

क्रमाच्या बाबतीत एवढे सांभाळावे की खिसे, पट्ट्याच्या कड्या धरणारे तुकडे आणि झाकणाच्या बक्कलाची जागा हे सारे चामडे सपाट असतानाच शिवून घ्यायचे असते. एकदा ते नळ्यांवर वळले की आत हात जात नाही आणि सुईही जात नाही. कड्यांच्या मागे आतून चामड्याचा आणखी एक तुकडा लावून शिवण आणि रिव्हेट दोन्ही द्यावेत. सगळे वजन तेथेच येते. त्यानंतर चामडे ओले करून जुडीवर घट्ट गुंडाळावे, दोरीने बांधावे आणि सावलीत वाळू द्यावे. परभणीच्या उन्हात मे महिन्यात घाईने वाळवले, तर दाणा तडकतो. वाळल्यावर मेणाच्या दोऱ्याने, दोन सुयांनी शिवावे. या शिवणीत एक टाका तुटला तरी बाकीचे धरून राहतात, मशीनच्या शिवणीचे तसे नसते. इंचाला सहा-सात टाके पुरेत. कडा रापीने (चामडे कापायच्या हत्याराने) सारख्या करून, किंचित ओल्या करून लाकडाने घोटाव्यात.

झाकण हे पेटीचे सर्वांत दुबळे अंग आहे. ते पाठीच्या चामड्याला वेगळे जोडण्याऐवजी पाठीचाच तुकडा लांब कापून पुढे वळवावा, किंवा सरळ वरून बसणारे टोपण करून त्याला दोन बक्कले लावावीत. तळाला दुहेरी चामडे आणि चार पितळी ठोकळ्या हव्यातच. पार्लरमध्ये पेटी फरशीवर उभीच ठेवली जाते आणि झिजते ती तळापासून.

प्रश्न : आमच्याकडे हिमरूचे जुने कापड आहे. पेटीच्या नळ्यांना त्याचे अस्तर लावले तर शोभेल का?
– एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : शोभेल, पण टिकणार नाही. हिमरूच्या मागच्या बाजूला जादा बाण्याचे, म्हणजे आडव्या विणीचे, सुटे धागे असतात. त्याचा मऊपणा त्यांच्यामुळेच येतो. कापड नळीत नीट ताणून बसले नाही, तर शाफ्टच्या टोकाची कड हे धागे ओढते. शिवाय क्यूच्या टोकाला लावायच्या खडूची भुकटी विणीत बसली की ती निघत नाही. नळ्यांना बारीक लवेचे, धागे न सुटणारे साधे कापड लावावे. हिमरू झाकणाच्या आतल्या बाजूला किंवा खडू-हातमोज्यांच्या खिशाला अस्तर म्हणून वापरावे. पेटी उघडताच ते दिसेल आणि त्याला काही घासणार नाही.

प्रश्न : मी आगाऊ रक्कम देऊन एका कारागिराकडून फुलावेलींची नक्षी असलेली पेटी करून घेतली. एका पावसाळ्यातच नक्षी सपाट झाली आहे. ती पुन्हा उठवता येईल का? पुढच्या वेळी काय पाहावे?
– एक वाचक, धाराशिव

उत्तर : आपण पाठवलेल्या छायाचित्रात वेलीच्या कडांना सुरीने दिलेला छेद कोठेच दिसत नाही. याचा अर्थ नक्षी कोरलेली नसून तापलेल्या ठशाने दाबलेली आहे, आणि तीही बहुधा क्रोमच्या चामड्यावर. अशा नक्षीचा दबलेला भाग दमट हवेत हळूहळू वर येऊन ती सपाट होते. ती पुन्हा कोरता येणार नाही. नळ्या चांगल्या असतील, तर पेटी तशीच वापरावी.

खऱ्या कोरीव कामात चामडे बेताचे ओले करून फिरत्या पात्याच्या लहान सुरीने रेघ कापतात. ती चामड्याच्या निम्म्या जाडीपेक्षा खोल जाता कामा नये. नंतर रेघेच्या एका बाजूचे चामडे ठोकणीने खाली दाबतात आणि फूल वर उठल्याचा भास होतो. चामडे फार ओले असेल तर ठसा पसरतो, कोरडे असेल तर उमटतच नाही. ओलावा नेमका असला की ठोकणीखाली चामड्याचा रंग गडद होतो आणि तसाच राहतो. क्यूच्या पेट्यांवर दिसणारी गुलाबवेलींची गच्च नक्षी मुळात अमेरिकेतल्या खोगिरांवरची आहे. वायोमिंग राज्यातल्या शेरिडन गावाच्या नावाने तिची एक शैलीच ओळखली जाते. ती सुंदर आहे, यात शंका नाही. तरी अजिंठ्याच्या छतांवरची कमळे आणि पैठणीच्या पदरातले बांगडी-मोर इतके जवळ असताना आपल्या कारागिरांनी दर वेळी शेरिडनचाच गुलाब का काढावा, हे मला कळत नाही. बांगडी-मोर गोलात बसतो, त्यामुळे झाकणाच्या वरच्या भागावर तो फार चांगला जमेल.

पुढच्या वेळी आगाऊ रक्कम देण्यापूर्वी चामड्याचा प्रकार, जाडी, नळ्यांची मापे आणि नक्षी हाताने कोरलेली की ठशाची, हे चिठ्ठीवर लिहून घ्यावे. त्याच चामड्याच्या तळहाताएवढ्या तुकड्यावर एक फूल कोरून मागावे. चांगला कारागीर यावर रागावत नाही.

प्रश्न : मी स्नूकर खेळतो. पूलच्या क्यूसाठी केलेली पेटी मला चालेल का?
– एक वाचक, जालना

उत्तर : आपली क्यू मधोमध जोडलेली असेल तर चालेल. स्नूकरच्या पुष्कळशा क्यू मात्र तीन-चतुर्थांशावर जोडलेल्या असतात. त्यांचा लांब तुकडा 40 इंचांच्या वर जातो आणि त्यासाठी वेगळी लांब पेटी लागते. अखंड क्यूची गोष्ट तर निराळीच, कारण पाच फूट लांबीची पेटी एसटीच्या फळीवर मावत नाही. स्नूकरचा उगम 1875 साली जबलपूरच्या छावणीत झाल्याचे मानले जाते आणि पुण्यात जन्मलेल्या विल्सन जोन्स यांनी 1958 मध्ये बिलियर्ड्सचे हौशी जगज्जेतेपद जिंकले. इतका जुना वारसा असलेल्या देशात स्नूकरची चांगली पेटी अजूनही बहुधा परदेशातून मागवावी लागते, ही उणीव आपल्याकडच्या चर्मकारांनी भरून काढण्यासारखी आहे.

प्रश्न : गणपतीनंतर पेटी बाहेर काढली तर तिच्यावर पांढरी बुरशी आली होती. वडील म्हणतात करडईचे तेल चोळ. चोळावे का?
– एक वाचक, नांदेड

उत्तर : करडईचे तेल चोळू नये. करडई आणि जवस यांची तेले हवेत सुकून चिकट होतात, मग त्यावर धूळ बसते. वडिलांना तेल हवेच असेल, तर जुन्या लोकांनी मोटेच्या आणि खोगिराच्या चामड्याला लावलेले एरंडेल बरे; तेही फडक्याच्या टोकाला घेऊन अगदी थोडे, आणि बुरशी पूर्ण गेल्यावरच.

आधी पेटी घराबाहेर नेऊन मऊ कोरड्या ब्रशने बुरशी झटकावी, म्हणजे ती इतर कपड्यांवर बसणार नाही. मग सर्जिकल स्पिरिटमध्ये किंचित ओले केलेले फडके फिरवावे. ते आधी तळाच्या कोपऱ्यावर लावून पाहावे, कारण काही रंग स्पिरिटने सुटतात. त्यानंतर नळ्यांची तोंडे उघडी ठेवून पेटी वारा खेळणाऱ्या सावलीत दोन दिवस राहू द्यावी. वरून स्वच्छ दिसणाऱ्या पेटीच्या नळ्यांत ओल राहते आणि बुरशी तेथूनच परत येते, म्हणून आत विजेरी धरून पाहावे. पावसाळ्यात पेटी लोखंडी कपाटात किंवा प्लॅस्टिकच्या पिशवीत कोंडू नये; सुती कापडात गुंडाळून आतल्या भिंतीशी उभी करावी आणि आठवड्यातून एकदा उघडावी. कडुनिंबाचा ओला पाला घालण्याची सूचनाही काहींनी केली आहे. त्यातून आत ओलच जाते, तेव्हा तो घालू नये.

प्रश्न : चामड्याच्या पेटीत असेल तर क्यू दुपारी गाडीत ठेवता येते का?
– एक वाचक, बीड

उत्तर : ठेवू नये. एप्रिल-मे महिन्यांत काचा बंद असलेल्या गाडीत तापमान 60 अंशांच्या पुढे जाऊ शकते. चामडे ही उष्णता थोडा वेळ अडवते, तासाभराने आतही तीच स्थिती होते. टोकाचा आणि जोडाचा गोंद सैल होतो, आणि लाकूड एका अंगाने जास्त सुकले तर वाकते. पीव्हीसीची नळीही अशा उन्हात मऊ पडते. पेटी आडवी, मध्ये आधार नसलेली असेल, तर नळीच आधी बाक घेते. क्यू वाकल्याची शंका असेल, तर तुकडे वेगळे करून टेबलाच्या सपाट पृष्ठावर एकेक घरंगळत सोडावा. सरळ तुकडा टेकून जातो, वाकलेल्याच्या खाली फिरताना उजेडाची फट उघडझाप करते.

प्रश्न : आमच्या घरी सगळे माळकरी आहेत आणि चामड्याच्या वस्तूंना आजोबांची हरकत आहे. दुसरे काही सुचवाल का?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : वर सांगितलेल्या नळ्या तशाच ठेवाव्यात आणि बाहेरून जाड सुती कॅनव्हास वापरावा. तंबू किंवा ताडपत्री शिवणाऱ्याकडे तो मिळतो आणि शिवूनही मिळतो. मधमाश्यांचे मेण आणि मेणबत्तीचे मेण एकत्र वितळवून कापडावर चोळावे आणि लांबून गरम हवा देऊन मुरवावे, म्हणजे पावसाची सर त्यावरून ओघळून जाते. कॅनव्हास स्वतः ताठ उभा राहत नाही, म्हणून नळ्यांची जुडी आधी प्लायच्या दोन पातळ पट्ट्यांत आवळून घ्यावी. तळाला जुन्या टायरच्या रबराचा तुकडा शिवावा आणि खांद्याच्या पट्ट्यासाठी सुती निवार घ्यावी. नायलॉनची निवार खांद्यावरून घसरते.